दुकानाच्या खतावणीवर चिकटवलेली कात्रणं : पश्चिम क्लेअरमधली एक चिकटवही

वाळूचा_किल्ला (धागा सुरू करणारी)

मंडळी, नमस्कार. सल्ला हवा आहे, आणि थोडं मन मोकळंही करायचं आहे.

मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी क्लेअरमध्ये किलरशजवळच्या एका खेड्यात राहते. शेजारच्या आजी गेल्या वर्षी गेल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांचा भाचा इंग्लंडहून आला आणि घर रिकामं करायला लागला. दारात स्किप होता. इथे घराबाहेर राडारोड्यासाठी मोठा लोखंडी डबा आणून ठेवतात, तो. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यात वरच्यावर एक जाडजूड वही पडलेली दिसली. पाऊस नुकता सुरू झाला होता. "घेऊ का?" विचारलं, तर तो म्हणाला, "मावशीच्या आत्याची आहे ती. जुने पेपर चिकटवलेत, दुसरं काही नाही."

घरी आणून टॉवेलवर ठेवली. कातडी पुठ्ठा, कणा सुटलेला, दोनशेच्या आसपास पानं. पहिलं कात्रण ऑक्टोबर १९०७ चं आहे. 'लिओं तेरावा' नावाचं फ्रेंच शिडाचं जहाज क्विल्टीच्या खडकांवर फुटलं आणि तिथल्या कोळ्यांनी वादळात करख घालून खलाशांना बाहेर काढलं, त्याची बातमी. करख म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणून केलेली होडी, दोन माणसांनी डोक्यावर उचलून न्यावी इतकी हलकी. शेवटचं कात्रण फेब्रुवारी १९६१ चं, वेस्ट क्लेअर रेल्वे बंद झाल्याचं. ३१ जानेवारी १९६१ ला शेवटची गाडी गेली. मधल्या चौपन्न वर्षांत बाजाराचे भाव, चर्चच्या वर्गण्या, हर्लिंगचे सामने, कुणाचं लग्न, कुणाला अमेरिकेहून आलेलं पत्र, आणि सगळ्यात जास्त म्हणजे निधनवार्ता. जवळजवळ प्रत्येक कात्रणाच्या कडेला बारीक पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं आहे. "हे खरं नाही, तो मंगळवारी गेला." "आईची मैत्रीण." एका लग्नाच्या बातमीखाली नुसतं "शेवटी."

आता अडचण. ही वही मुळात कोरी नव्हतीच. ही दुकानाची खतावणी आहे. कात्रणांच्या फटींतून खालची शाई दिसते: चहा, साखर, पॅराफिन, तंबाखू, बियाणं, आणि उजवीकडे पौंड-शिलिंग-पेन्सचे आकडे. म्हणजे एका गावाची उधारीची वही, आणि तिच्यावर त्याच गावाची बातम्यांची वही.

कात्रणं सोडवून खालची खतावणी वाचावी का? पिठाच्या खळीने चिकटवलंय, काही ठिकाणी आपोआप सुटायला लागलंय. ओळखीतल्या एकाने सांगितलं की वाफ दिली की निघतील. हात धजावत नाही. जाणकारांनी सांगावं.

निळासावळा

छान धागा. पण एक प्रामाणिक प्रश्न आहे. आयर्लंडची जुनी वर्तमानपत्रं बरीचशी स्कॅन होऊन ऑनलाइन आली आहेत. शब्द टाकला की बातमी मिळते. मग कात्रणांचं वेगळं मोल काय? खालची खतावणी मात्र जगात एकच प्रत असणार. मी असतो तर कात्रणांचे फोटो काढून ती सोडवली असती आणि खतावणी वाचली असती.

पोथीघर

वाळूचा_किल्ला ताई, आधी ती वाफेची किटली बाजूला ठेवा. मी पुण्यात कागद-संवर्धनाचं काम करते, पोथ्या आणि दप्तरं. घाईघाईत लिहितेय पण नीट वाचा.

वर्तमानपत्राचा कागद साधारण १८७० नंतर लाकडाच्या लगद्याचा व्हायला लागला. त्यात लिग्निन असतं, ते उजेड आणि हवा लागली की पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. खतावणीचा कागद बहुधा त्याहून खूप चांगला असेल. वाफ दिलीत तर ठिसूळ कात्रण ओलं होऊन फाटेल, आणि खालची शाई पसरेल. हिशेबाच्या वह्यांमधली शाई पाण्याला टिकेलच याचा भरवसा नसतो. एका फटक्यात दोन्ही जातील.

पिठाची खळ ही खरं तर तुमची मैत्रीण आहे. ती म्हातारी झाली की कोरडी पडते आणि स्वतःहून सोडते. आमच्याकडे सगळ्यात जास्त रडवते ती पारदर्शक चिकटपट्टी, तिचा तपकिरी डाग कागदात मुरतो. खळीचा तोटा एवढाच की ती कसरीला आवडते. तेव्हा वही आधी कोरड्या, थंड खोलीत ठेवा आणि कसर फिरतेय का ते बघा.

हात धुऊन, कोरडे करून काम करा. हातमोजे नकोत, पानाची कड कळत नाही. आधी प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो, मग एकेका कात्रणाचा, मग जे सुटलेलं असेल त्याच्या पाठीचा. सुटलेलं कात्रण त्याच पानावर, त्याच जागी, आम्लमुक्त टिश्यूत ठेवा. लॅमिनेशन नको, पीव्हीसीचे पाऊच नकोत.

आणि निळासावळा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण तुम्ही म्हणता तसं केलं तर वही उरणार नाही. सुटी कात्रणं उरतील आणि एक जखमी खतावणी. कोणती बातमी कशाशेजारी लावली हे त्या बाईने ठरवलं होतं. ते कुठल्याही स्कॅनमध्ये नाही.

कर्दळीवन

मी डब्लिनला बरीच वर्षं आहे, इथल्या वंशावळी शोधणाऱ्यांच्या गटात जाते. निळासावळा, "सगळं मिळतं" यावर थोडं सांगते.

आयर्लंडमध्ये कागद जळण्याचा इतिहास फार कडू आहे. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट झाला आणि सरकारी अभिलेखागार जळलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पत्रकं, मृत्युपत्रं, चर्च ऑफ आयर्लंडच्या कितीतरी पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या, नोंदवह्या, सगळं. १८६१ आणि १८७१ ची पत्रकं सरकारने त्याआधीच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात लगदा करायला गेली. म्हणून इथे कुणी आजोबांचे आजोबा शोधायला लागलं की पहिली पूर्ण जनगणना हाताशी येते ती थेट १९०१ ची.

मग वर्तमानपत्रं तरी? लंडनला कोलिंडेलमध्ये ब्रिटिश म्युझियमचं वर्तमानपत्रांचं कोठार होतं. २० ऑक्टोबर १९४० ला त्यावर बॉम्ब पडला. सुमारे ६,००० बांधीव खंड गेले आणि आणखी १५,००० खराब झाले. त्यांत इंग्लंडच्या आणि आयर्लंडच्या गावोगावच्या पत्रांचाच भरणा होता. पुढे न्यूजप्लॅन नावाच्या प्रकल्पात कुठे कोणते अंक शिल्लक आहेत याची मोजदाद झाली आणि मायक्रोफिल्म निघाल्या. पण काही पत्रांच्या काही वर्षांच्या जागी आजही भोकं आहेत. अशा भोकात एखाद्या बाईची चिकटवही हीच शेवटची प्रत असू शकते.

शिवाय स्कॅनमधला शोध छापील अक्षरं यंत्राने वाचून चालतो. पुसट छपाईत यंत्र चुकतं. आणि टाउनलँडचं नाव तर हमखास चुकतं. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सगळ्यात लहान पारंपरिक तुकडा, देशभरात साठ हजारांहून जास्त आहेत, आणि एकच नाव दहा ठिकाणी सापडतं. चिकटवहीत मात्र सगळी नावं एकाच पंचक्रोशीतली असतात, त्यामुळे 'किलीन' असं नाव आलं तर त्यातला कुठला किलीन ते कळतं.

वाळूचा_किल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. पोथीघर ताई, किटली कपाटात गेली. फोटो काढायला सुरुवात केली आहे, रोज दहा पानं.

निळासावळा यांच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतेय, आणि क्विल्टीच्याच पानावर उत्तर सापडलं असं वाटतं. जहाज फुटल्याची बातमी तर स्कॅनमध्येही मिळेल. पण या पानावर तिच्याखाली चार वर्षांनंतरचं, १९११ चं कात्रण आहे: क्विल्टीचं नवं चर्च उघडल्याची बातमी. कोळ्यांच्या शौर्याचं कौतुक म्हणून पैसे जमले होते, त्यांतून ते उभं राहायला हातभार लागला. आजही ते गोल मनोऱ्याचं चर्च लांबून दिसतं, मी दर आठवड्याला त्यावरून जाते. आणि त्याच्याही खाली, तिरकं लावलेलं, एक लहानसं कात्रण: क्विल्टीच्या स्टेशनवर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र बसवल्याचं. त्या उघड्या किनाऱ्यावर वारा इतका असे की नॅरोगेजचे डबे उलटायचे. वारा ठराविक वेगापुढे गेला की गाडी थांबवायची, असा नियम झाला.

जहाज, चर्च, यंत्र. तीन वेगळ्या वर्षांच्या, तीन वेगळ्या विषयांच्या बातम्या. वर्तमानपत्रात त्या कधीच शेजारी आल्या नाहीत. तिने त्या एका पानावर आणल्या, कारण तिच्यासाठी तो एकच विषय होता: हा वारा. कडेला पेन्सिलीने लिहिलंय, "त्या रात्री आमचंही छप्पर गेलं."

हे शोधायला कुठला शब्द टाकायचा?

निळासावळा

पटलं. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो. आता ते पेन्सिलीचं लिखाण सगळं उतरवून घ्याच.

अटकेपार

बॉस्टनहून लिहितोय. इथे 'पायलट' नावाच्या पत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत "हरवलेले मित्र" असं सदर असायचं. आयर्लंडहून येऊन अमेरिकेत पांगलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या जाहिराती. "अमुक काउंटी, अमुक पॅरिश, अमुक टाउनलँडचा माझा भाऊ, शेवटचं ऐकलं तेव्हा कालव्याच्या कामावर होता." बॉस्टन कॉलेजने अशा ४० हजारांहून जास्त जाहिरातींची सूची केली आहे. दुष्काळाच्या वर्षांतल्या वाचताना घसा दाटतो. आयर्लंडमध्ये जळून गेलेली गावांची नावं अशी समुद्रापलीकडच्या जाहिरातींत टिकली. तुमच्या वहीत अमेरिकेच्या पत्रांतली कात्रणं आहेत का? पाकिटात घालून पाठवलेली? असली तर ती खूण करून ठेवा, ती गावाने छापलेली नाहीत, गावाला आलेली आहेत.

वाळूचा_किल्ला

आहेत! अकरा. कागद वेगळा आहे आणि सगळ्यांवर चार घड्यांच्या खुणा आहेत. पाकिटाचं लक्षातच आलं नव्हतं.

माजघर

पुण्याहून. मला या धाग्यात आपलाही एक धागा दिसतो. 'बॉयकॉट' हा शब्द आपण स्वदेशी चळवळीत किती सहज वापरला. तो आला मेयो काउंटीतल्या एका माणसाच्या आडनावावरून. जमीनदार लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट, १८८० चं शरद, लॉफ मास्कच्या काठी. गावाने त्याचं काम, बोलणं, दुकान, सगळं बंद केलं. त्याचं पीक काढायला कॅव्हन आणि मोनाहनहून पन्नासेक माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला.

आणि त्याच्या मागे एक छोटं गावातलं पत्र आहे. एप्रिल १८७९ मध्ये मेयोतल्या आयरिशटाउनला कुळांची जी पहिली मोठी सभा झाली, तिच्याकडे डब्लिनच्या मोठ्या पत्रांनी लक्ष दिलं नाही. कॅसलबारच्या 'कनॉट टेलिग्राफ'चे संपादक जेम्स डेली सभा भरवणाऱ्यांतच होते, त्यांच्या पत्रात तिची बातमी आली. सहा महिन्यांत लँड लीग ही कुळांची देशव्यापी संघटना उभी राहिली. राजधानीच्या पत्रांवरून इतिहास लिहिला तर सुरुवातच गळून पडते. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा ते नावही आयर्लंडकडूनच आलेलं होतं. म्हणून मला तिथली गावातली पत्रं परकी वाटत नाहीत.

कर्दळीवन

माजघर, सुंदर. मला मात्र दुसरी बाजूही मांडायची आहे, कारण मला या चिकटवह्या फार आवडतात आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल खोटं बोलायचं नाही.

कात्रणात ते असतं जे आधी छापलं गेलं आणि मग कुणाला जपावंसं वाटलं. दोन चाळण्या. चूम गावच्या मदर अँड बेबी होमचं, म्हणजे लग्नाशिवाय आई झालेल्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना ठेवायच्या संस्थेचं, उदाहरण घ्या. १९२५ ते १९६१ ते चाललं. स्थानिक इतिहासकार कॅथरीन कॉर्लेस यांनी २०१२ मध्ये तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला आणि पुढे एकेक मृत्युदाखला मिळवून तिथे मेलेल्या ७९६ मुलांची नावं गोळा केली. ती नावं कुणाच्या चिकटवहीत नव्हती. ती निधनवार्तांमध्ये आलेलीच नव्हती. ती सापडली सरकारी दाखल्यांत, एका बाईने पैसे भरून एकेक मागवला म्हणून.

बायकांचंही तसंच. जुन्या बातम्यांत बाई नवऱ्याच्या नावाने येते. स्वतःचं नाव बहुतेकदा येतं ते निधनवार्तेत, आणि तिथेही कधीकधी नाही. आणि ही पत्रं इंग्रजीत. १९०७ साली पश्चिम क्लेअरमध्ये घरात आयरिश बोलणारी माणसं होती, त्यांचं बोलणं या रकान्यांत नाही. ते ऐकायचं असेल तर १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना विचारून वह्यांत लिहून घेतलेला लोककथांचा संग्रह बघा. सुमारे ५,००० शाळा, आता ऑनलाइन आहे. ताई, तुमच्या गावच्या शाळेची वही त्यात मिळाली तर चिकटवहीशेजारी ठेवून वाचा.

वाळूचा_किल्ला

चूमबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. खरं आहे. माझ्या वहीत लहान मुलांच्या निधनवार्ता फक्त तीन आहेत, आणि चौपन्न वर्षांत तीनच मुलं गेली असतील हे शक्य नाही. शाळेच्या वह्या नक्की बघते.

एक मदत हवी. एका कात्रणाला तारीख नाही. गावात वीज घ्यायची की नाही यावर सभा, "येत्या मंगळवारी, ९ ऑक्टोबर रोजी". ग्रामीण वीज योजनेचा पहिला खांब नोव्हेंबर १९४६ मध्ये डब्लिनजवळ किलसॅलहनला उभा राहिला, म्हणजे त्यानंतरचं. पाठीवर कसल्यातरी समितीचा हिशेब अर्धवट दिसतो, शब्द 'टोस्टल'.

निळासावळा

हे मी करतो! १९४६ नंतर ९ ऑक्टोबर मंगळवारी येतो १९५१, १९५६ आणि १९६२ ला. तुमची वही १९६१ ला संपते. आणि 'आन टोस्टल' हा पर्यटक यावेत म्हणून सुरू केलेला देशभरचा उत्सव पहिल्यांदा झाला १९५३ मध्ये. तेव्हा १९५१ बाद. १९५६.

म्हणजे कात्रणाची पाठही फेकायची नसते. पोथीघर ताई, तुम्ही पाठीचा फोटो का काढायला सांगितलात ते आत्ता कळलं.

पोथीघर

अगदी. आता वाळूचा_किल्ला ताईंनी एकदा ती वही तिथल्या माणसांना दाखवावी. घरात एकट्याने जपायची ही वस्तू नाही.

वाळूचा_किल्ला

तीन आठवड्यांनी लिहितेय. भाच्याची परवानगी घेतली, त्याने लेखी दिली. क्लेअर काउंटी लायब्ररीचं स्थानिक अभ्यासाचं काम एनिसमध्ये चालतं, तिथे वही घेऊन गेले. तिथल्या बाईंनी ती फोमच्या उशीवर ठेवली आणि जवळजवळ तासभर एक शब्द न बोलता पानं उलटली. कात्रणं सोडवायची नाहीत यावर त्यांचंही एकमत. वही जशी आहे तशी स्कॅन होईल.

पण जिथे खळ आधीच सुटली होती अशी पाच पानं होती. त्यांवरची कात्रणं त्यांनी माझ्यासमोर पातळ पट्टीने अलगद उचलली, एका बाजूने, दार उघडावं तशी.

पहिलं होतं १९२३ च्या एका शेतकऱ्याच्या निधनाचं. खाली खतावणीचं पान, वर खातेदाराचं नाव आणि टाउनलँड. तेच नाव. तोच माणूस.

मी म्हटलं, योगायोग असेल. दुसरं उचललं. एका विधवेची निधनवार्ता, पेपरात नवऱ्याच्या नावाने. खाली तिचं खातं, पण खात्यावर तिचं स्वतःचं नाव. दुकानाने तिला तिच्या नावाने उधार दिलं होतं. कर्दळीवन, तुमचीच आठवण आली.

पाचांपैकी चार तसेच निघाले. पाचवं बाजारभावाचं होतं. तिने निधनवार्ता वाटेल तिथे लावल्या नव्हत्या. माणूस गेला की खतावणीत त्याचं पान शोधायचं आणि पेपरातली बातमी त्या पानावर चिकटवायची. खतावणीतल्या सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ आहे, पेन्सिलीच्या टिपणांतल्या साताला पण आहे. उधारीची वही तिनेच लिहिली असणार, दुकानात उभी राहून.

लायब्ररीतल्या बाईंनी त्या विधवेच्या खात्यावर बोट न टेकवता दाखवलं. चहा, साबण, पॅराफिन, पुन्हा चहा. खाली बाकी एक पौंड चार शिलिंग. जमा केल्याची नोंद नाही. बाकीवर एक सरळ रेघ मारलेली आहे, पेन्सिलीने, कात्रणावरच्या टिपणासारख्याच पेन्सिलीने.